शाळूच्या सुगीतली धामण

माघ सरत आला की सांगलीच्या रस्त्यांवर कडब्याचे ट्रॅक्टर दिसायला लागतात. परवा आमच्या गल्लीच्या तोंडाशी असाच एक ट्रॅक्टर अडकला. पाठीमागं गाड्या ओरडत होत्या, ड्रायव्हर खाली उतरून कुणाशी तरी हुज्जत घालत होता, आणि मी भाजीची पिशवी हातात धरून नुसती वास घेत उभी होते. शाळूच्या कडब्याचा वास. कोरडा, गोडसर, जरासा नाकात जाणारा. त्या वासानं मला कुणी हाताला धरून नेल्यासारखं आमच्या मळ्यात नेलं. ताकारीजवळचा मळा. तेव्हा आमची वाडी सातारा जिल्ह्यात होती, दुसऱ्या लढाईचं शेवटचं वर्ष चालू होतं आणि मी एकोणीस-वीस वर्षांची होते.

त्या एका सुगीत मी माझ्या नवऱ्याला ओळखायला लागले. लग्न होऊन साडेतीन वर्षं झाली होती.

लग्नानंतर अकराव्या दिवशी हे पलटणीत गेले होते. अकरा दिवसांत मी ह्यांना धड समोरून पाहिलंही नव्हतं. घरात पाहुणे, पूजा, गोंधळ. आणि ह्यांच्यासमोर उभं राहायचं तर डोक्यावरचा पदर नाकापर्यंत. मला आठवत होती ती फक्त पाठ. तालमीत घडलेली रुंद पाठ आणि कुस्तीनं चुरगळलेले कान. पंचक्रोशीतल्या जत्रांत ह्यांचं नाव होतं. ब्रह्मदेशातनं महिन्या-दोन महिन्यांनी पत्र यायचं, ते मामंजींच्या नावानं. शेवटी एक ओळ असायची, ‘घरात सर्वांस नमस्कार.’ त्या ‘सर्वांस’मध्ये मी होते, असं मी धरून चालले होते.

पौषाच्या शेवटी हे परत आले ते उजवा हात कोपरात आखडलेला घेऊन. आधी कुठल्या कुठल्या इस्पितळांत होते, मग मिरजेच्या दवाखान्यात महिनाभर, आणि मग चार महिन्यांची रजा. हात ना पूर्ण सरळ व्हायचा ना पूर्ण दुमडायचा. सुगीचं घर, पण ह्यांना विळा धरता येईना. मामंजी एवढंच म्हणाले, “संभा, तू पलीकडच्या रानात राखणीला बस. औंदा उंदरं लय झाल्यात.”

उंदीर खरंच फार झाले होते. आदल्या वर्षी पाऊस मध्येच दडी मारून बसला होता, त्यामुळं की काय, रानात भेगाच भेगा आणि प्रत्येक भेगेत बीळ. कणीस भरलं रे भरलं की ज्वारीचं ताट खाली आडवं. सकाळी रानात गेलं की वाटावं, कुणी तरी विळ्यानं मधूनमधून पीक कापून ठेवलंय. धान्य तेव्हा रेशनवर. सरकारी वसुलीला द्यायचं, बी ठेवायचं, आणि उरेल त्यात वर्ष काढायचं. उंदरांनी खाल्लं तर ते आमच्याच ताटातलं जाणार होतं.

हे राखणीला बसत, पण गोफण फिरवायला हात नव्हता आणि तोंडानं ‘हो हो’ करायचीही ह्यांची तयारी नव्हती. बोलतच नसत. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, विचारायच्या, “भाकरी घालू का अजून?” हे मान हलवत. “हात दुखतुया का?” मान हलवत. आत्याबाई चुलीजवळ मला हळूच म्हणायच्या, “माझं पोर तितंच ऱ्हायलं गं. हे भलतंच कोण आलंय.”

दुपारची भाकरी रानात नेऊन द्यायचं काम माझं. विहिरीच्या पुढं, एका जुन्या बाभळीखाली हे बसलेले असत. मी भाकरी ठेवायची, पाठ फिरवून बसायची, खाऊन झालं की भांडी उचलायची. असे पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी मी भांडी उचलायला वळले आणि बांधावर, माझ्यापासून चार हातांवर, ती होती.

मी किंकाळी मारणार, तेवढ्यात ह्यांनी डावा हात वर केला. पंजा पसरून. आणि लग्नानंतरचं पहिलं पुरतं वाक्य मला बोलले, “हलू नको. धामण हाय. काय करत न्हाई.”

माझी नजर हलेना. माझ्यापेक्षा लांब असेल. पाठ पिवळसर तपकिरी, वाळलेल्या पातेऱ्याच्या रंगाची. शेपटीकडं काळ्या खवल्यांची जाळी. डोळा मोठा, गोल, काळाभोर. ओठांवर उभ्या काळ्या रेघा. काजळाचं बोट कुणी ओठांवरून ओढावं तशा. मी साप खूप पाहिले होते, पण मेलेले, काठीवर टांगलेले. जिवंत साप इतका सावकाश, इतका स्वतःच्या कामात असलेला कधी पाहिला नव्हता. जीभ आतबाहेर करत ती बांधाच्या कडेनं सरकली, एका बिळाशी थांबली, डोकं आत घातलं, आणि बघता बघता सगळी आत गेली.

“आता बघ,” हे म्हणाले.

मी बघत राहिले. बिळाच्या दुसऱ्या तोंडातनं एक उंदीर सुटला, त्याच्यामागं दुसरा. पाठोपाठ ती बाहेर आली, आणि सावकाश वाटणारं ते जनावर एकदम पाण्याच्या लोंढ्यासारखं धावलं. उंदीर तोंडात धरून तिनं तो बांधाच्या मातीशी अंगानं दाबला. वेटोळं नाही, विष नाही. नुसता अंगाचा भार. आणि मग तोंडाकडनं गिळायला लागली. मी उठून गेले नाही. उन्हात तिचा गळा फुगत होता आणि शेजारी बसलेला माझा नवरा, ज्याच्या तोंडून घरात शब्द निघत नव्हता, तो मला सांगत होता, “पोरं असत्यात बिळात. ती बी सोडत न्हाई. एका धामणीनं एवढं रान राखलं तर माझ्यावाणी धा माणसं बसवायची गरज न्हाई.”

मी विचारलं, “तुमाला कसं ठावं?”

तेव्हा ह्यांनी मुरुगनचं नाव घेतलं. पलटणीतला मद्रासकडचा स्वयंपाकी. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या साप धरायचं काम. छावणीत साप निघाला की मुरुगनला हाक. तो काठीच्या टोकानं साप उचलायचा आणि मोडक्यातोडक्या हिंदीत त्याची सगळी कुंडली सांगायचा. काय खातो, कुठं राहतो, अंडी घालतो की पिल्लं. “मुरुगन कुठं असत्यात आता?” मी विचारलं. हे उठून विहिरीकडं निघून गेले. मी पुन्हा विचारलं नाही.

त्या दिवसापासून माझी भाकरी लवकर तयार व्हायला लागली.

आता मागं वळून पाहते तर हसू येतं. बाकीच्या नव्या जोडप्यांना जत्रा असते, देवदर्शन असतं. आम्हाला धामण होती. ती ऊन चांगलं तापल्यावर बाहेर पडायची. थंडीच्या दिवसांत आधी बांधावर आडवी पडून अंग शेकायची, मग कामाला लागायची. ऊन उतरलं की गायब. “रातचं फिरणारं जनावर न्हाई हे. माणसावाणी हाय, दिसा राबतं, सांजला झोपतं,” हे म्हणायचे. एकदा ती बाभळीवर चढली. सरळ खोडावरनं, दोर वर ओढल्यासारखी. वर पाखराचं घरटं होतं. मला त्या पाखराची दया आली आणि मी वर ढेकूळ मारलं. हे मोठ्यानं हसले. घरी येऊन मी आत्याबाईंना सांगितलं, “आज त्ये हसले.” त्यांनी पिठाचे हात तसेच जोडले.

एकदा आठवडाभर ती सुस्त पडून होती. अंग मळकट, डोळे दुधाळ निळे, मोतीबिंदू झाल्यासारखे. मला वाटलं, मरते. हे म्हणाले, “कात टाकायची हाय. आता तिला दिसत न्हाई नीट, म्हणून शिकार न्हाई.” आणि एका दुपारी दगडांच्या फटीत कात सापडली, उलटी झालेली, पायातनं मोजा काढावा तशी. ह्यांनी ती डाव्या तळहातावर पसरून मला दाखवली. डोळ्यांच्या जागी दोन गोल पातळ काचा होत्या. “डोळ्यावरचंबी निघून येतं,” हे म्हणाले. मी बोट लावलं. कांद्याच्या पापुद्र्याहून हलकं. आमची बोटं तिथं एकमेकांना लागली आणि दोघांनीही ती लगेच काढली नाहीत.

फाल्गुनात काढणी झाली. कणसं खळ्यावर आली, आणि कडब्याची गंजी आमच्या वस्तीला लागून, गोठ्याच्या मागं रचली. रान मोकळं झालं तसे उंदीर खळ्याकडं सरकले आणि उंदरांमागं धामणही आली. आम्हा दोघांना तिला गंजीजवळ पाहून आनंद झाला. आत्याबाईंनी तिला पाहिलं आणि घरात कल्लोळ झाला.

कारण नेमकी तेव्हाच आमची मोरी म्हैस आटली होती. सकाळी दूध नीट, आणि संध्याकाळी धारेला बसावं तर चरवीचा तळसुद्धा झाकायचा नाही. आत्याबाईंना कारण सापडलं. धामण म्हशीच्या मागच्या पायांना विळखा घालते आणि सडाला तोंड लावते, हे आमच्याकडं तान्ह्या पोरालाही माहीत. शिवाय शेपूट जनावराच्या नाकात घालून जीव घेते, शेपटीचा फटका बसला तर हात झडतो, ह्या गोष्टीही होत्याच.

हे म्हणाले, “आई, तिला दूध पचत न्हाई. तिचे दात बघ कसे मागं वळल्यात. सडाला लावलं तर रगात निघंल. म्हस उभी ऱ्हाईल व्हय?”

“तू बघितलंस तिचं दात?”

“बघितलं.”

“आईचं तोंड बघत न्हाईस आन् लांबड्याचं दात बघतुयास!”

आत्याबाईंनी शेजारच्या वस्तीवरच्या बंडूआप्पाला निरोप धाडला. बंडूआप्पा म्हणजे साप मारायला बोलवायचा माणूस. त्याची वेळूची काठी प्रसिद्ध होती.

निरोप गेला त्याच दुपारी मामंजींची भाकरी घेऊन रानात निघालेली मी ताकाचं भांडं विसरले म्हणून अर्ध्या वाटेवरनं घरी परतले. गोठ्यात मोरी डोळे मिटून उभी होती आणि तिच्या पोटाखाली रेडकू, शेपूट वळवळवत, तोंडाला फेस. गळ्यातलं दावं जमिनीवर लोळत होतं.

सकाळची धार झाली की रेडकू बांधायचं काम माझं होतं. रानात जायच्या घाईत मी कशी तरी गाठ मारायची. निरगाठ बसण्याऐवजी सुरगाठ बसायची, आणि रेडकानं दोन हिसके दिले की दावं मोकळं. कितीएक दिवस हे चाललं असेल. मी रेडकू ओढून बांधलं, त्याचं तोंड पदरानं पुसलं, आणि कुणाला काही सांगितलं नाही. आत्याबाई प्रेमळ होत्या, पण दुधाच्या बाबतीत नव्हत्या. त्या संध्याकाळी निम्मी चरवी दूध निघालं. आत्याबाई म्हणाल्या, “बघ, आप्पाला निरोप गेल्याचं कळलं तिला. जनावर हुशार असतं.” मी चुलीत फुंकर घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर बंडूआप्पा आला. धामण गंजीच्या बुडाशी पसरली होती. त्यानं वाट अडवली तशी तिनं मान चपटी करून फुगवली आणि घशातनं आवाज काढला. फूत्कार नव्हे, मांजर गुरगुरतं तसा, पण खोल. मी तो आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला. हे गंजीला पाठ लावून मध्ये उभे राहिले, आखडलेला हात पुढं.

“पैलवान, बाजूला व्हा गड्या,” बंडूआप्पा म्हणाला. “हिच्या शेपटीचा फटका बसला तर हाय तो हातबी जाईल.”

“आप्पा, काठी खाली घ्या.”

“आरं, आई सांगतीया आन् तू जनावराची बाजू घेतुयास?” आत्याबाईंचा आवाज चिरकला. “तीन वरसं मी देव पाण्यात घालून बसले, त्ये ह्यासाठी व्हय रं?”

ह्यांनी मान खाली घातली. मला दिसलं की पुन्हा ते तसेच, पौषातल्यासारखे, आत आत चाललेत. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “आत्याबाई, दूध रेडकानं पिलं. दावं मी सैल बांधत हुते.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. धामणीनं तेवढ्यात संधी साधली आणि गंजीत शिरली.

“कवापासनं?” आत्याबाईंनी विचारलं.

“आठ-दहा दिस झालं असतील.”

“आन् आठ-दहा दिस मी त्या मुक्या जनावराला शिव्या घालतीया!” त्यांनी माझ्या पाठीत एक धपका घातला. खरा लागणारा. मग माझं मनगट धरून मला गोठ्यात नेलं, दावं हातात दिलं आणि म्हणाल्या, “बांध.” मी बांधलं. त्यांनी हिसका दिला, सुटलं. “पुन्यांदा.” माझ्या बोटांची सालं निघेपर्यंत त्यांनी मला निरगाठ शिकवली. बाहेर बंडूआप्पा ताक पिऊन हताशपणे म्हणत होता, “मग काठी उगंच आणली म्हणायची.”

संध्याकाळी मी विहिरीवर पाणी शेंदत होते. हे येऊन दोराला डावा हात लावून उभे राहिले. म्हणाले, “मला ठावं हुतं. तीन दिस झालं, गंजीपासनं दिसत हुतं रेडकू.”

मला राग आला. “मग बोलला का न्हाई?”

“तू बोलशील असं वाटत हुतं.”

“आन् न्हाई बोलले असते तर?”

“मग मी बोललो असतो,” हे म्हणाले. “पर तू बोललीस.”

पाण्याची घागर त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून उचलली.

मळणी झाली, वारं देऊन झालं, धान्य घरात आलं. चैत्र गेला. वैशाखात खळं मोकळं पडलं होतं, सारवण उखडून माती दिसायला लागली होती. एका सकाळी आत्याबाई शेणाची पाटी टाकून ओरडत आल्या, “हौसा! हौसा गं! नवं कापड आण! नाग-धामणीची जोडी लागलीया खळ्यात!”

जोडी लागलेली दिसली आणि तिच्यावर नवं कोरं कापड टाकलं, की ते कापड भाग्याचं. ज्या बाईच्या पेटीत ते असेल तिची कूस उजवते. माझ्या लग्नाला चौथं वर्ष लागलेलं. आत्याबाई कधी उघड बोलल्या नव्हत्या, पण त्या दिवशी त्या ज्या धावल्या त्यात सगळं आलं. मी पेटीतला हिरवा खण काढला आणि पळाले.

खळ्याच्या मधोमध ते दोघं होते. शेपटीपासून दोराचा पीळ बसावा तसे एकमेकांत गुंतलेले, आणि पुढचा भाग उभा, माणसाच्या कमरेएवढा. डोलत होते, एकमेकांना घासत होते, मध्येच धाडदिशी खाली पडत होते आणि पुन्हा उठत होते. मातीवर अंग आपटल्याचा आवाज यायचा. शेजारच्या वस्त्यांवरची माणसं जमली. बंडूआप्पाही आला, रिकाम्या हातानं.

“टाक, टाक कापड,” आत्याबाई मला ढकलत होत्या.

“थांब,” हे म्हणाले. “आई, जोडी न्हाई ती. दोघं नर हायत. कुस्ती चाललीया.”

“आरं, धामण म्हंजी बाईच की! नाग तिचा दादला.”

“नागाला फणा असतो. हितं कुणाला फणा दिसतुया का? धामणीतबी नर असतो, आई. मादी असंल हितंच कुठं तरी, गंजीत. तिच्यासाठी चाललंय.”

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पण पुरुष पुढं सरकले, कारण ‘कुस्ती’ म्हटल्यावर आमच्या भागातला माणूस मागं राहत नाही. हे उकिडवे बसले आणि बोलायला लागले. फडाच्या कडेला बसून जाणता पैलवान सांगतो तसे. “बघा, मान. सगळा खेळ मानेचा. वरच्यानं खालच्याची मान धरली. आता दाबतुया. खालचा निसटणार, निसटला बघा! वा रं पठ्ठ्या! आता ह्यो वर.” माणसं माना डोलवत होती. कुणी तरी म्हणालं, “हलगी पाहिजे हुती राव!” बराच वेळ हे चाललं. दोघं दमत होते, विळखा सैल करून पडत होते, पुन्हा उठत होते. एकदाही एकानं दुसऱ्याला दात लावला नाही.

शेवटी मोठ्यानं धाकट्याचं डोकं मातीला टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. धाकटा हलेना. मग मोठ्यानं अंग सैल केलं. धाकटा मोकळा झाला आणि कुणाकडं न बघता बांधाकडं निघून गेला. मोठ्यानं मान वर करून एकदा सगळ्या माणसांवर नजर फिरवली आणि तो गंजीत शिरला.

“सोडलं,” हे म्हणाले. “बघितलंस आई? डोकं टेकलं, सोडलं.”

माणसं हसत-बोलत पांगली. हे उकिडवेच बसून होते. आत्याबाई वाकल्या. “संभा, रडतुयास व्हय रं?”

ह्यांनी डाव्या हातानं मूठभर माती उचलली. मग मातीकडं बघत बोलले. “तितं एका खंदकात माझ्यावर एक जण पडला. माझ्याच वयाचा. बंदूक दोघांचीबी लांब पडल्याली. चिखल हुता. मी त्येला खाली घेतला, पट काढून. पाठ टेकली त्येची, आई. दोन्ही खांदं टेकलं. आपल्यात खांदं टेकलं की पंच हात धरतो, सोडत्यात.” मुठीतली माती खाली सांडली. “न्हाई सोडलं मी.”

वैशाखाचं ऊन चढत होतं. आत्याबाई खाली मातीत बसल्या. त्यांना युद्ध कळत नव्हतं, ब्रह्मदेश कुठल्या दिशेला हेही ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्या हातातला हिरवा खण घेतला, उलगडला आणि लेकाच्या खांद्यांवर टाकला. मग त्याचं डोकं आपल्या मांडीत ओढलं. मी कुठं बसावं ते मला कळेना. आत्याबाईंनीच जमिनीवर थाप मारून जागा दाखवली.

मला नंतर पुष्कळ वर्षं वाटायचं की त्या दिवशी ह्यांचं सगळं ओझं उतरलं. तसं नव्हतं. पुढंही काही दिवस असे यायचे की हे भाकरीसमोर बसून राहायचे. पण आता ते उठून विहिरीकडं जायचे तर मला ठाऊक असायचं, मनानं कुठं गेलेत आणि कुणाबरोबर. आणि त्या उन्हाळ्यात ह्यांनी मला पुन्हा अक्षर गिरवायला लावलं. मी चौथीपर्यंत शिकलेली. ह्यांनी पाठीस लागून मला सातवीच्या फायनलपर्यंत नेलं, आणि मी पुढं मास्तरीण झाले, तोही धडा गंजीच्या सावलीतच सुरू झाला. आमची धामण म्हणजे त्या दोघांतला नेमका कोण, की त्यांनी जिच्यासाठी झुंज घेतली ती, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. ह्यांना त्याचं वाईट वाटायचं. “नीट खूण ठेवायला पाहिजे हुती,” म्हणायचे.

रजा संपली. नोकरीतून सुटका होणार हे ठरलं होतं, पण कागदांसाठी बेळगावच्या छावणीत एकदा जाऊन यावं लागणार होतं. ज्येष्ठाच्या सुरुवातीला आम्ही सगळे ताकारी स्टेशनवर पोचवायला गेलो. मामंजी, आत्याबाई, मी, बंडूआप्पा, शिवाय गावातली चार माणसं. मिरजेची गाडी आली. हे चढले, पत्र्याची पेटी आत सरकवली, वडिलांच्या पाया पडायचं राहिलं म्हणून पुन्हा उतरले, पुन्हा चढले. मी पदर पुढं ओढून आत्याबाईंच्या मागं उभी. त्या काळात बापासमोर बायकोकडं बघायचीही चाल नव्हती. नाव घेणं तर सोडाच. चार वर्षांत ह्यांनी माझं नाव कधी उच्चारलं नव्हतं. ‘ऐकलं का’ नाही तर ‘अगं’, तेही कुणी नसताना.

गाडी हलली. हे खिडकीतनं निम्मे बाहेर आले आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, “हौसा! गंजीच्या बुडात अंडी असतील! कडबा वरनं काढ! बुडाला हात लावू नगं!”

बंडूआप्पा खो खो हसायला लागला. मामंजींनी तोंड फिरवून मिशीवर हात घेतला. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, आणि त्याच वेळी वाटत होतं, गाडी जरा थांबावी आणि ह्यांनी पुन्हा एकदा हाक मारावी.

घरी आल्यावर संध्याकाळी वैरण काढायची वेळ झाली. रोज आम्ही बुडाकडनं, हाताला येईल तशी पेंढी ओढायचो. मी गोठ्याच्या आढ्याला टेकवलेली शिडी उचलून आणली आणि गंजीला लावली. शिडी जुनी, तिची एक पायरी मोडलेली. आत्याबाई दारातनं बघत होत्या. “काय खुळी का काय तू? पडलीस तर?” म्हणाल्या. मी चढायला लागले. त्या बडबडत आल्या, खाली उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली.

“सावकाश टाक पेंढ्या,” त्या खालनं म्हणाल्या. “आपटू नगंस. आत लेकुरवाळी हाय.”